दारात दिसलेले वकीलसाहेब

अमरावतीच्या एका वकिलांची मुलगी मी पाहून आलो होतो. मला ती फार आवडली होती, पण वकीलसाहेबांनी होकार अडकवून ठेवला. त्यांच्या जुन्या मोटारीची बॉडी पार गंजली होती आणि मी अकोल्याला बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात नकाशे काढायचो. "आधी ही नीट करून दाखवा, मग बघू," ते म्हणाले. साठ सालानंतरची ही गोष्ट.

तेव्हा बॉडीचा नकाशा आम्ही जमिनीवरच खऱ्या मापाचा काढत असू. दाराच्या फुगवट्यासाठी आमचे मिस्त्री बांबूची लांब कामटी खिळ्यांमध्ये वाकवायचे आणि तिच्या कडेनं खडू ओढायचे. मी नुकताच डिप्लोमा घेऊन आलेलो. मला ते टोपल्या विणणाऱ्याचं काम वाटे. मी कंपासनं दोन कमानी काढल्या, वरची मोठी, खालची लहान, आणि अशा जोडल्या की सांधा शोधून सापडू नये.

पत्रा ठोकून झाल्यावर मिस्त्रींनी चकाकावा म्हणून त्यावर तेलाचा बोळा फिरवला आणि रस्त्यावरच्या विजेच्या तारेचं त्यातलं प्रतिबिंब न्याहाळत उकिडवे बसले.

"सायेब, तार मोडून राह्यली. सांध्यावर."

"नकाशा बरोबर आहे."

"नकाशाले काय इचारता? पत्र्याले इचारा ना."

मी चिडलो आणि त्याच दिवशी काळा रंग मारायला लावला.

वकीलसाहेब मुलीला घेऊन गाडी बघायला आले. चकाकत्या दारापुढे वाकून टोपी सारखी करायला गेले, ते तसेच थबकले. सांध्याच्या वर कपाळ, भुवया, नाक, सगळं वकिलाचं. खाली मात्र कानापर्यंत फाकलेलं बेडकाचं तोंड.

"हा कोण आहे?" त्यांनी विचारलं. मागे मुलीनं तोंडात पदर कोंबला. माझं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं.

तेवढ्यात मिस्त्री पुढे झाले. "माह्या हातून ठोका चुकला, सायेब."

तो भला माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही," मी म्हणालो. "ठोका बरोबर आहे. चूक माझी आहे."

वकीलसाहेब मुलीला घेऊन निघून गेले. आम्ही दार उतरवलं. मिस्त्रींनी कामटी वाकवली, खिळे मी धरले; तिचा बाक कुठेच एकदम बदलत नव्हता. नव्या पत्र्यावर तार कुठेही न मोडता धावली. गाडी न्यायला आले तेव्हा वकीलसाहेबांनी दारात बराच वेळ पाहिलं. "आता मीच दिसतो," ते जरा नाराजीनंच म्हणाले. आठवड्यात होकार आला.

लग्नानंतर मी बायकोपुढे त्या दाराची फुशारकी मारली. ती हसायलाच लागली.

"बाबा थांबले होते मोटारीसाठी. मी तर त्या बेडकाच्या दिवशीच, परतताना एस.टी.त, हो म्हणून सांगितलं होतं."

"काहून?"

"आमच्याकडे आजोबा वकील, बाबा वकील, दोघं भाऊ वकील. 'चूक माझी आहे' म्हणणारा पुरुष मी तोवर पाहिलाच नव्हता."