हद्दीच्या बाई

आमच्या नर्सबाईंना हद्द फार प्रिय. नवऱ्याहूनही प्रिय असावी, कारण नवऱ्याला त्यांनी पुण्यातच सोडलं होतं आणि हद्दीचा नकाशा मात्र टेबलाच्या काचेखाली जपला होता. बेलापूर खाडीकाठच्या सरकारी प्रसूतिकेंद्रात त्या एकट्याच. दारावर ‘मोफत’ असं ठळक लिहिलेलं, आणि ते कुणासाठी नाही हे सांगायला बाई दारात उभ्या.

नियम असा, की गरोदर बाई ज्या गावची तिथल्याच केंद्रात तिचं बाळंतपण. आणि लग्न झालं की ती नवऱ्याच्या गावची. आता पहिलटकरीण माहेरी येते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरकारला नव्हतं. त्यामुळे आमच्या दिवाळे गावात पोट घेऊन आलेली प्रत्येक लेक हद्दीबाहेरची, आणि हद्दीतल्या सुना आपापल्या माहेरी. केंद्रातल्या दोन्ही खाटा रिकाम्या. बाई त्यांच्या चादरी तरीही दर सोमवारी बदलत.

साठ सालच्या सुमारास माझी वेळ आली. सासर उरणचं. कळा सुरू झाल्यावर आईनं हाताला धरून मला केंद्रात नेलं.

“हिला उरणला न्या,” बाई म्हणाल्या.

“पयलं बालंतपन हाय बाय, मायेरालाच व्हनार ना?”

“ते तुमचं. कागदावर ही उरणची आहे.”

मला चालवेना, मी ओसरीवरच बसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. ओसरी बहुधा नकाशात नव्हती. तासाभरात मुलगी झाली. इतके जाणते हात मी पुन्हा पाहिले नाहीत. वहीत मात्र त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. “हद्दीबाहेरची नोंद होत नाही, आणि खोटं मी लिहीत नाही,” असं म्हणत त्यांनी मला पेज पाजली.

गाव त्यांची नक्कल करायचं आणि बाळंतपणाला त्यांच्याच ओसरीवर जायचं. असं तीन वर्षं चाललं. मग तपासणीला साहेब आले. वही जवळजवळ कोरी. बाई ताठ उभ्या. ओसरीबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण ते सगळं नियमाबाहेरचं. ‘या भागात केंद्राची गरज नाही’ असा शेरा पडला आणि महिन्याभरात दाराला कुलूप लागलं.

बाई निघाल्या त्या दिवशी मी सुके बोंबील घेऊन गेले. शाकाहारी असूनही त्यांनी ते घेतले.

“नियमानं वागले, तरी बंद झालं. माझं काय चुकलं गं?”

“काही नाही, बाई,” मी म्हणाले. खोटं बोलले.

पुढच्या वर्षी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अडली, म्हणून होडीत घालून पनवेलला निघालो, तर वाटेत ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. भरतीची वाट पाहत बसलो. बहीण सारखी म्हणत होती, “बायला बोलवा.” ती वाचली, मूल गेलं. बाईंनी त्या साहेबापुढे एकदा तोंड उघडायला हवं होतं.