तिघांनीही अंगठा दिला होता

आम्ही नाशिकमधले चौघे जण स्वतंत्रपणे वेबसाइट बनवतो आणि एकच सर्व्हर वाटून वापरतो. नियम एकच आहे. काही पुसायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारायचं आणि बाकी तिघांचा अंगठा आल्याशिवाय हात लावायचा नाही.

आज सकाळी सर्व्हरची जागा संपली. ‘जुने’ नावाचं फोल्डर उडवू का, असं मी विचारलं. तिन्ही अंगठे आले. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल दोनदा विचारावं, हे आईने घरात शिकवलेलं, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तिन्ही आले. मग उडवलं.

दुपारी आमच्यातल्याच रोहनचा फोन आला. "ताई, माझ्या निफाडच्या काकांची द्राक्षविक्रीची साइट गेली गं. ‘जुने’मध्येच होती."

"मग अंगठा का दिलास?"

"तू विचारतेयस म्हणजे बघितलंच असशील ना! तू तर गॅसचं बटणही चारदा बघतेस."

बॅकअपही त्याच फोल्डरमध्ये होता. काकांच्या या हंगामाच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या.

मला रडू आलं नाही, रागही नाही.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "काकांना मी सांगू का?"

तिन्ही अंगठे लगेच आले.

फोन हातात आहे. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता?