मोबाईललाही सलाम

उपासना संपली की आमचे पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहतात आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन नावानिशी ‘सलाम’ म्हणतात. आवाज बारीक, पण माणूस हट्टी. महत्त्वाचं काही असलं की ते दोनदा सांगतात. दुसऱ्यांदा जरा हळू, म्हणजे समोरच्याला पळवाट उरत नाही.

उपासना इंटरनेटवरून दाखवायची, असं त्यांनी चर्चच्या पंचांच्या सभेत मांडलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा मीच ओरडलो, “देवाच्या घरात मोबाईल कशाला?”

“अहो, तुमच्या खिशातला मोबाईल माझ्या उपदेशात क्रिकेट बघतो,” ते म्हणाले. “दर रविवारी. चर्चचा एक तरी उपासना बघू दे. मेंढरं जिथं असतील तिथं मेंढपाळानं जायचं असतं. जायचंच असतं.”

सभा हसली. मी नाही हसलो. पुढच्याच रविवारी पहिल्या बाकासमोर स्टँडवर मोबाईल उभा राहिला.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिसऱ्या रविवारी राहवेना, म्हणून मुकाट्यानं मोबाईलवर उपासना लावली. शेवटचा आशीर्वाद झाला, दारातले सलाम झाले आणि पाळकसाहेब परत आत आले. चष्मा कपाळावर चढवून ते स्टँडवरच्या मोबाईलवर दिसणारी, घरून बघणाऱ्यांची नावं एकेक करून वाचू लागले. माझ्या नावापाशी थांबले.

“सलाम,” ते म्हणाले. मग जरा हळू, “सलाम.” आणि सवयीनं मोबाईलसमोर हात पुढे केला.

मीही केला. खोलीत कुणी नव्हतं, तरी आधी सदऱ्याला पुसून केला.