मिसाओवहिनीला समुद्रावर नेलं तेव्हा

माझी वहिनी, मिसाओ कुरामोची, हिची उमेदीची वर्षं मायेबाशी शहरातल्या एका मोठ्या दुकानात चोर पकडण्यात गेली. साध्या कपड्यांत, हातात टोपली घेऊन गिऱ्हाइकासारखी हिंडायची. "तोंड सगळ्यांचंच साळसूद असतं वन्सं, खांदे बघावेत," असं म्हणायची.

ह्या कामाला ती लागली माझ्या भावामुळे. तेत्सुजी एका सकाळी कामावर म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्यांचा मुलगा शिनगो तेव्हा तिसरीत होता. ना पत्र, ना फोन. आमच्या आईने हाय खाल्ली. वहिनी कुणासमोर रडली नाही. तिने नोकरी धरली, पोराला शिकवलं, आणि पुन्हा म्हणून कुणावर विश्वास टाकला नाही. भाजीवाल्याने एखादं संत्रं जास्त घातलं, तर घरी येऊन सगळी संत्री उलटीसुलटी करून बघायची.

मागच्या वसंतात शिनगोचा फोन आला. "आई, समुद्रावर जाऊ. जुन्या पद्धतीच्या सरायीत राहू. आत्यालाही घे." वहिनी तडक माझ्याकडे आली.

"ह्याने मला आजवर कधी कुठे नेलंय? काहीतरी शिजतंय."

"अगं, पोरगा फिरवतोय तर मजा कर."

"करते की. पण का फिरवतोय, ते कळू दे आधी."

आगगाडीत आम्ही चौघं होतो. शिनगो, त्याची बायको नात्सुए, वहिनी आणि मी. शिनगोच्या मांडीवर एक निळी कापडी पिशवी होती. वर सामानाची फळी रिकामी, तरी तो ती खाली ठेवेना. वहिनीने मला कोपर मारलं. "विचार, काय आहे त्यात."

मी विचारलं. "कॅमेरा," शिनगो म्हणाला. नात्सुए एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

उशिओझाकीला उतरलो तर सगळ्या गावाला सुकत घातलेल्या माशांचा वास. टेकडीवर एक पांढरी लांबलचक इमारत दिसत होती. वहिनीने टॅक्सीवाल्याला विचारलं. "वृद्धाश्रम," तो म्हणाला. "नवीन आहे. खोल्यांतून समुद्र दिसतो."

वहिनी मागे टेकून बसली. माझ्या कानात म्हणाली, "आलं लक्षात? जागा दाखवायला आणलंय मला." खरं सांगते, मलाही ते पटलं. शिनगोचं घर लहान, वहिनीचे गुडघे गेलेले. तोही तरी काय करणार?

सरायीच्या दारात मालकीण गुडघे टेकून बसली होती. साठीची, नीटनेटकी, राखी किमोनोतली. "या, या. ह्या वेळी सगळेच..."

वहिनीचा एक बूट पायात, एक हातात. "ह्या वेळी म्हणजे?"

"मला दुसरेच पाहुणे वाटले हो." मालकिणीने मान खाली घातली. तेवढ्यात शिनगो कुणाला न विचारता बोळातून डावीकडे वळलासुद्धा.

"आधी येऊन गेलाय हा," वहिनी पुटपुटली. "पैसेही भरून झाले असतील तिकडे टेकडीवर."

खोलीत गेल्यावर शिनगोने ती पिशवी भिंतीतल्या कोनाड्यात, फुलदाणीशेजारी ठेवली. तिथे कुणी सामान ठेवत नाही, तो मानाचा कोनाडा. मला ते चमत्कारिक वाटलं. वहिनी गरम पाण्याच्या कुंडावरही गेली नाही. कोनाड्याला पाठ लावून पिशवीची राखण करावी, तशी बसून राहिली.

जेवणं खोलीतच आली. सोयात शिजवलेला अख्खा लाल मासा, कच्च्या माशाच्या फोडी, शिंपल्यांचं सार. वहिनीने जेवायच्या काड्या उचलल्याच नाहीत.

"शिनगो, समुद्र बघितलास, सूर्य बुडताना बघितलास. एकही फोटो काढला नाहीस."

"काढतो उद्या."

"मी वृद्धाश्रमात जाणार नाही. एवढं सांगायला मला इतक्या लांब आणायची गरज नव्हती."

"कसला वृद्धाश्रम?" शिनगो खरोखर गोंधळला. मग नात्सुए म्हणाली, "सांगून टाक ना आता. माझ्याच्याने नाही बघवत."

शिनगोने काड्या खाली ठेवल्या. "आई, त्या पिशवीत बाबा आहेत."

पिशवीत पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी होती, पेटीत अस्थींचं मडकं. माझा भाऊ इतकी वर्षं ह्याच सरायीत राहिला होता. पाण्याची कुंडं घासायचा, पंप दुरुस्त करायचा. काही वर्षांपूर्वी आजारी पडल्यावर त्याने मालकिणीला मुलाचं नाव सांगितलं. तिने कळवलं, तेव्हापासून शिनगो येत-जात होता. थंडीत तेत्सुजी गेला. इथल्याच देवळात ठेवा, पण मिसाओला विचारून, असं त्याचं म्हणणं होतं.

वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुलाही माहीत होतं?"

"आईशप्पथ नाही," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. माझा एकुलता एक भाऊ होता तो.

तिने मालकिणीला बोलावून घेतलं. "तुमचं-त्याचं काय होतं?"

मालकीण चिडली नाही. "मी विचारलं होतं एकदा. घरी बायको आहे म्हणाला. मग जा घरी, म्हटलं, तर म्हणाला, कुठल्या तोंडाने जाऊ."

"पळून का आला?"

"ते त्याने कधीच सांगितलं नाही."

वहिनीने तिचे खांदे नीट बघून घेतले. मग शिनगोला म्हणाली, "तो पळाला, ते त्याचं त्याच्यापाशी. पण तू? दर नवीन वर्षाला माझ्यासमोर बसून जेवत होतास. माझ्या डोळ्यांत बघत होतास."

"तू तुटशील असं वाटलं, आई."

"मी? मी कधी तुटले?"

सकाळी तिने भात, मासा सगळं चाटूनपुसून खाल्लं. ठेवा देवळात, म्हणाली. उदबत्ती मात्र लावली नाही. ती मी लावली. भटजींचं पठण चाललं असताना ती बाहेर ओट्यावर बसून होती, तोंड समुद्राकडे.

नवऱ्यावरचा राग तिथेच संपला असावा, कारण त्याचं नाव ती आता सहज घेते. मुलाशी मात्र उन्हाळाभर बोलली नाही. माझ्याकडे येऊन म्हणायची, "अजून काय लपवलं असेल, कोण जाणे." वर्ष सरत आलं तेव्हा तिने स्वतः फोन केला. मी शेजारीच होते.

"नात्सुएला सांग, नवीन वर्षाच्या जेवणाला तांदळाचे गोळे विकतचे आणू नका. मी करतेय."

शिनगो पलीकडून काहीतरी बोलला.

"बरं बरं," वहिनी म्हणाली. "लवकर या."