इद्रिसला मी फेल केलं

इंजिनिअर साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "काका, पास की फेल, तेवढं लिहा."

मी चौथी शिकलेलो. पण फोरमन मी, गँगमध्ये नवा माणूस घ्यायचा तर सही माझी लागते. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत वीस वर्षं काढून मी कतारला आलो. इथे कोळसा नाही, पाइपलाइनसाठी खोल चर खणतो. माती ढासळू नये म्हणून अरुंद जागी लाकडाचे टेकू लावतो. गँग सगळी आमच्याकडच्या खाणीतली.

नवा माणूस इद्रिस, सुदानचा. तिकडे सोन्याच्या खाणीत होता. लढाईत घर गेलं, म्हणून इथे आला.

आदल्या दिवशी जेवताना गँगमधल्या नामदेवने विषय काढलाच होता. "मामा, त्या सुदान्याला घेऊ नका."

"काहून?"

"लढाईतून आलेला माणूस अर्ध्या पगारातही राबते. उद्या कंपनी आपल्यालेही तेच सांगंन."

"अन् माहा साळा गावी पासपोर्ट घेऊन बसला, त्याचं काय?" दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

टेस्टमध्ये इद्रिसने टेकू उभा केला, पाचर मारली, हातोडीने ठोकून कान लावला. ही खरी खाणवाल्याची सवय. टेकूने भार घेतला की आवाज टणक येतो, नाहीतर पोकळ. त्याचा टणक आला. मग त्याने शेजारचा माझा टेकू ठोकला, मान हलवली आणि न विचारता पाचर घट्ट केली. सगळ्या गँगसमोर.

टेकू ढिलाच होता. मलाही ऐकू आलं होतं.

मी फेल लिहिलं.

"नक्की ना? मला तर काम चांगलं वाटलं," साहेब म्हणाले.

"साहेब, जमिनीखालचं तुम्ही मला शिकवू नका."

"खलास. मग जाईल तो."

इद्रिस बाहेर उन्हात उभा होता. "मुदीर, तमाम?" म्हणजे, साहेब, झालं ना? मी इन्शाल्ला म्हणालो आणि गाडीत बसलो.

शुक्रवारी तो गादी खांद्यावर घेऊन आमच्या कॅम्पच्या गेटवर आला. वॉचमन म्हणाला, यादीत नाव नाही. इद्रिस माझं नाव घेत होता, फोरमनला बोलवा म्हणत होता. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. खाली उतरलो नाही.

शनिवारी साहेबांकडे जाऊन फॉर्म परत मागितला.

"काका, फाइल हेड ऑफिसला गेली. आणि फेल तर तुम्हीच लिहिलंत."

माणसाला फेल करायचं असेल, तर ते त्याच्या तोंडावर सांगता येतं का, हे आधी बघावं. मला आलं नाही.