मागच्या रांगेतला पहिला प्रश्न

कॉलेजात पाहुणे बोलावण्याचं काम ज्यानं एकदा केलं, त्याला पुढे चहाच्या टपरीवर विषय शोधावा लागत नाही. पाहुणे येतात, शाल घेतात, जातात. किस्से मात्र साचत राहतात. आमच्या व्याख्यान मंडळाचे तर इतके आहेत, की यवतमाळात दोन जुने मेंबर भेटले तर घरच्यांची विचारपूस राहूनच जाते! मी मंडळाचा माईकवाला. म्हणजे श्रोत्यांतून प्रश्न आला की कॉर्डलेस माईक घेऊन धावणारा. त्यामुळे हे सगळं मी अगदी जवळून बघितलंय. हसायचं तर हसा, पण आधी ऐका.

*

एकदा पाहुणे एसटीनं येणार होते. आणायला गेलेल्या पोरांनी कळंबच्या बसमधून उतरलेला एक जॅकेटवाला माणूस बघितला, हार घातला आणि गाडीवर बसवून थेट स्टेजवर! तो निघाला पंप विकणारा. खरे पाहुणे स्टँडवर रसवंतीत बसलेले. पण या गड्यानं माघार घेतली नाही. 'जीवनात पाण्याचं महत्त्व' यावर असा काही बोलला, की टाळ्या थांबेनात.

निघताना म्हणाला, "पोट्टे चांगले आहेत वो तुमचे. त्या मांगच्या लाइनीतल्या पोरीनं तं लय भारी प्रश्न इचारला!"

त्या दिवशी प्रश्नोत्तरं झालीच नव्हती. आणि शेवटच्या रांगेवरचा पंखा बंद, म्हणून तिथं कोणी बसतही नाही. गडबडला असेल बिचारा, असं म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

*

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं म्हटलं की आमचं अख्खं सभागृह आपापल्या चपलांकडे बघतं. म्हणून पहिला प्रश्न मंडळच ठरवून ठेवतं आणि कुणाला तरी विचारायला देतं. मंडळाच्या प्रमुख ढोके मॅडम तो मुद्दाम कधीच न बोलणाऱ्याला देतात. त्या वर्षी दिला प्रणालीला.

प्रणाली पांढरकवड्याकडच्या खेड्यातून यायची. शेवटचं वर्ष. हजेरीसुद्धा हात वर करून द्यायची. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, कॉलेज संपायच्या आत मले एकदा तरी माईकवर बोलाचं आहे. शाळेपासून सगळे मले बस खाली म्हणतेत. माईक देजो बरं."

पाहुणे होते स्पर्धा परीक्षांवर बोलणारे एक निवृत्त साहेब. भाषण संपलं. मी माईक घेऊन निघालो, प्रणाली अर्धी उठली, आणि साहेब तिच्या डोक्यावरून मागे बघत म्हणाले, "उत्तम प्रश्न! खेड्यातल्या मुलांनी अभ्यासाला सुरुवात कुठून करावी?" आणि उत्तर द्यायला लागलेसुद्धा.

तोच प्रश्न होता. प्रणाली खाली बसली. मॅडमनी नंतर मलाच झापलं, "प्रश्न आधीच काहून फोडला रे?"

*

पुढच्या वेळी मॅडमनी खबरदारी घेतली. सर्पमित्र येणार होते. प्रश्न काय ते मलाही सांगितलं नाही. सभागृहाच्या दारात प्रणालीच्या कानात सांगितला, बस.

सर्पमित्रांनी शेवटच्या नागाचा डबा बंद केला, मान वर केली आणि मागे बघून म्हणाले, "बरोबर आहे ताई. मण्यार चावली तर कधी कधी दुखत पण नाही. म्हणून तं लोक दवाखान्यात उशिरा जातात." सगळं नीट समजावून सांगितलं. मग म्हणाले, "घसा बसला वाटते तुमचा. गरम पाणी प्या."

प्रणालीनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मी मॅडमकडे बघितलं, त्या पुटपुटल्या, "हाच तं प्रश्न दिला होता मी तिला." सगळे गेल्यावर त्या शेवटच्या रांगेत गेल्या आणि खुर्च्यांवरून बोट फिरवलं. सगळ्या खुर्च्यांवर धूळ होती. कोपऱ्यातल्या एकीवर नव्हती. मला म्हणाल्या, "शिपायानं पुसली असेल," आणि पर्स घेऊन निघून गेल्या.

*

मग मंडळानं ठरवलं, भाषण नकोच. गॅदरिंगला बोलक्या बाहुल्यांचा कलाकार बोलावला. मांडीवर बाहुला, आणि काय धमाल केली! प्रिन्सिपॉल सरांची नक्कल झाली, कँटीनच्या समोशाची झाली. मध्येच बाहुल्यानं मान शेवटच्या रांगेकडे वळवली आणि गप्प झाला. कलाकारही गप्प. आम्हाला वाटलं, हा आयटमच असेल, म्हणून टाळ्या वाजवल्या.

सामान आवरताना त्यानं मला हळूच विचारलं, "भाऊ, ते मांगची पोरगी कोणापाशी शिकली?"

"काय शिकली?"

"आवाज काढाचं. इतकी बोलली, पण ओठ जराही हालले नाही राजा! मले शिकवन काय ते?"

मी त्याला बसस्टँडवर सोडून दिलं. येताना मात्र गाडी जरा जोरातच चालवली.

*

माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणून सर्पमित्रांच्या कार्यक्रमाचा मोबाइलवरचा व्हिडिओ शोधला. स्टेजच्या बाजूनं घेतलेला, त्यामुळे श्रोते समोरून दिसतात.

सर्पमित्र डबा बंद करतात. मग कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे उभे राहतात, मधूनच "हो, हो" म्हणतात. बाकी फक्त पंख्यांची घरघर. शेवटच्या रांगेत कोणी नाही. जीवात जीव आला.

मग श्रोत्यांकडे बघितलं. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. सगळं सभागृह मागे वळून बसलं होतं, एखादी पोरगी बोलत असली की आपण वळून ऐकतो ना, तसं. मॅडम वळलेल्या. प्रणाली वळलेली. हातात माईक धरून मीही वळलेलो.

मी ज्याला ज्याला विचारलं, त्यानं सांगितलं, "नाही बे, मी तं समोरच पाहून राह्यलो होतो." मलाही तसंच आठवतं.

*

वर्षाचा शेवटचा कार्यक्रम. पाहुण्या म्हणून रेडिओवर निवेदन केलेल्या एक आजी. मॅडम म्हणाल्या, "या वेळी प्रश्नबिश्न राहू दे. आभार मानू आणि संपवू." प्रणालीचे डोळे भरून आले. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ती मॅडमसमोर बोलली, "मॅडम, याच्यानंतर मले कोण माईक देणार आहे? मी विचारतो. माहाच प्रश्न आहे, कोणालेच नाही सांगतला. अन् तिथंच बसून विचारतो."

आणि ती सरळ शेवटच्या रांगेत, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीच्या शेजारी जाऊन बसली. पंखा नाही, आजूबाजूला कोणी नाही. मी तिच्या मागे माईक घेऊन उभा राहिलो.

आजींचं भाषण संपलं. त्यांनी चष्मा सारखा केला, मागे बघितलं आणि गोड हसल्या.

"अगं, दोघी एकदम नका बोलू. एक एक करून विचारा."

प्रणालीनं माझ्या हातातून माईक ओढून घेतला. तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि माईकमधूनच म्हणाली,

"तू बस ना वं खाली. आज मले इचारू दे."

आजींची नजर त्या खुर्चीपाशी वरून खाली आली. मग मान हलवून म्हणाल्या,

"हं, बसली ती. बोल बाळा."