नऊ नंबरचा दगड

माझ्या इवायानं, म्हणजे माझ्या मुलीच्या सासऱ्यानं, माझ्या गावाला फसवलं. त्यानं राज्यमार्गाचा एक दगड उपटला, पुलापलीकडे आपल्या गावात नेऊन रोवला आणि आमचा बसथांबा पळवला. हे घडलं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजूनही मला ते खरं वाटत नाही.

आमचा राज्यमार्ग अवघा एकवीस किलोमीटरचा. नागपूरहून उमरेडकडे जाताना एका फाट्यावर तो सुटतो, संत्र्याच्या बगीच्यांमधून जातो, एक नाला ओलांडतो आणि आठवडी बाजाराच्या गावात संपतो. माझे वडील विणकर. लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ते याच वाटेनं फाट्यापर्यंत पायी जायचे, तेव्हा इथं फक्त बैलगाडीची चाकोरी होती. माझ्या लहानपणी तिच्यावर मुरूम पडला. मी नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या उचलायला लागलो तोवर डांबर आलं. पुढं मी स्वतः झाडावरचा माल घ्यायला लागलो, सौदे करून चार माणसांत उभा राहिलो, आणि एक दिवस हा रस्ता राज्यमार्ग झाला. झाला म्हणजे काय, तर एक माणूस डबा-ब्रश घेऊन आला आणि किलोमीटरच्या दगडांची डोकी हिरवी करून गेला. रस्त्याची रुंदी तीच राहिली. नाल्यावरचा पूलही तोच, अरुंद, एका बाजूचा कठडा तुटलेला. कोळशाचे ट्रक तेवढे वाढले.

पुलाच्या अलीकडे आमचं बुद्रुक, पलीकडे इवायाचं खुर्द. गावांचं नाव एकच. बस दोन्ही गावांत थांबत नसे. ती थांबायची खुर्दच्याही पुढं, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगपाशी. बाजाराच्या गावी कॉलेजला जाणाऱ्या आमच्या मुली रोज सकाळी पूल ओलांडून तिथवर चालत. मागच्या वर्षी पुलावर एका ट्रकचा आरसा एका मुलीला लागला. हात दोन ठिकाणी मोडला. त्या दिवसापासून मी थांब्याच्या मागं लागलो.

दोन्ही गावं मिळून एकच थांबा मिळेल, असं डेपोतल्या साहेबांनी सांगितलं. मी म्हटलं, एक तर एक, पण पुलाच्या अलीकडे द्या. ते कबूल झाले आणि कागदावर गावाचं नाव लिहायला लागले. मी त्यांचा हात थांबवला. नाव दोघांचं सारखं, उद्या खुर्दवाले आपलं म्हणतील. "साहेब, नावावर भांडण होते, दगडावर नाही होत. नऊ नंबरचा दगड लिहा." तो दगड आमच्या शाळेच्या वळणावर होता. साहेबांनी लिहिलं, मी सही-शिक्का घेऊनच उठलो. आयुष्यात इतका पक्का सौदा मी केला नव्हता. संध्याकाळी इवायाकडे जेवताना सगळा किस्सा रंगवून सांगितला. ते पोट धरून हसले. "मानलं इवाई तुमाले," म्हणाले.

त्यानंतर संत्र्याचा हंगाम आला आणि पंधरा दिवस मी कळमन्यातच अडकलो. परतलो तो थेट पहिल्या बसच्या दिवशी, सकाळी. हातात हार. शाळेच्या वळणावर मुली उभ्या होत्या. बस आली, हॉर्न देत समोरून निघून गेली, पूल ओलांडून थांबली. तेव्हा कुठं मी खाली पाहिलं. दगडाच्या जागी खड्डा होता आणि त्यात कोणीतरी व्यवस्थित माती भरली होती.

मी पळत सुटलो. या वयात, हार हातात घेऊन. पलीकडे नवीन पाटी, पाटीखाली नऊचा दगड, बुडाशी ओलसर सिमेंट. पंचवीस पावलांवर दहाचा दगड. इवाई बुंदी वाटत होते.

"या इवाई, या! तोंड गोड करा. तुमच्याच मेहनतीनं बस आली."

"दगड इथं कसा आला गा?" आजवर मी त्यांना कधी असं एकेरीत 'गा' म्हटलं नव्हतं.

"दगड कुठं येते-जाते, इवाई? तो तं इथंच होता."

मी कंडक्टरकडे वळलो. तो दारात उभा राहून बुंदी खात होता. "कागदावर नऊ, दगडावर नऊ. मी काय टेप घेऊन फिरू, काका? आता नऊ अन् दहा जुळे भाऊ दिसून राहिले, ते मले नका विचारू."

लोक हसले. माझा हात उठणारच होता. तेवढ्यात बसच्या खिडकीतून कोणीतरी "आजोबा" म्हणून हाक मारली. माझी नात. नवीन गणवेश घालून तिच्या शाळेत चालली होती. खाली माझी मुलगी उभी होती.

तिला बाजूला घेतलं. "काहून वं, तुले माहीत होतं?"

"मीच चहा देल्ला त्याईले," ती म्हणाली. "बाजाराचा दिवस होता, तुमच्या गावात कोणी नव्हतं. चार माणसं लागली."

"अन् मले फोन नाही केला?"

"केला असता तं तुमी दगड वापस नेला असता. मंग तुमची नात जिनिंगपर्यंत पायी गेली असती." डोळे खाली नाहीत, आवाज चढलेला नाही. सौद्यात बसल्यावर मी बसतो तशी. "तुमी बुद्रुकचे, बाबा. मी आता इथची."

हार तसाच घेऊन पूल ओलांडून परत आलो. मुली अजून वळणावर उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "काका, उद्या थांबन का बस?" मी काहीतरी पुटपुटलो आणि घरात शिरलो.

सगळे सांगतात, मुलीचं घर आहे, सोडून द्या. मी सोडणार नाही. इवाई, माझी नात तुमच्या दारातून बसमध्ये चढते, ती चढू द्या. मी दुसऱ्या थांब्यासाठी पुन्हा डेपोच्या पायऱ्या झिजवीन. पण तोवर आमच्या पाच मुली रोज त्या पुलावरून येतात. एक दिवस सकाळी तुम्ही पुलावर या, ट्रक जाताना त्यांच्या बाजूला उभे राहा, आणि दोन्ही गावांसमोर मला सांगा, यांतल्या एकीला काही झालं तर उत्तर कोण देणार?